संदर्भशोध, शालेय

संदर्भशोध, शालेय : माध्यमिक व उच्च माध्यमिक इयत्तांतील विद्यार्थ्याने प्रकल्प, निबंध किंवा आपल्या परिसराचा अभ्यास यांसाठी विश्वासार्ह आधार शोधणे, ते पडताळणे आणि त्यांची नोंद ठेवणे, या कामाला शालेय संदर्भशोध म्हणता येईल. महाराष्ट्रात प्रकल्पवही नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु तिच्यातला मजकूर पुष्कळदा स्टेशनरीच्या दुकानातील छापील तक्त्यावरून किंवा मोबाइलवर सर्वांत आधी उघडलेल्या पानावरून उतरवलेला असतो. तो मुळात कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिला, हे विचारायचे राहून जाते. संदर्भशोधाचा सारा भर याच तीन प्रश्नांवर असतो.

हे प्रश्न किती कामाचे आहेत, ते शिवाजी महाराजांच्या जन्मसालावरून स्पष्ट होते. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याच्या 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात 1627 हे साल दिलेले आहे, तर आजच्या शासकीय शिवजयंतीची तारीख 19 फेब्रुवारी 1630 या जन्मदिनांकावर आधारलेली आहे. ही दोन वेगळी साले देणारी पुस्तके समोर ठेवून बसलेला विद्यार्थी गोंधळतो आणि त्यांतले एक पुस्तक खोटे मानून बाजूला सारतो. वस्तुस्थिती अशी की, लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडील, घटनांच्या तिथी नोंदवणारी जुनी यादी) प्रसिद्ध केली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजेच 19 फेब्रुवारी 1630, ही जन्मतिथी मिळाली. परमानंदकृत ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यानेही तिला दुजोरा दिला. डफसमोर हा पुरावाच नव्हता. म्हणून ग्रंथ हाती घेतल्यावर आधी प्रकाशनवर्ष पाहावे, आणि पुनर्मुद्रण असल्यास पहिल्या आवृत्तीचे वर्षही पाहावे. डफवरूनच घेतलेले 1627 हे साल दहा संकेतस्थळांवर सापडले, तरी तो पुरावा एकाच साक्षीदाराचा राहतो.

संदर्भशोधाची जवळची जागा म्हणजे गावातले किंवा तालुक्याचे सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा असून शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी केली जाते. पुणे नगर वाचन मंदिर (1848) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) यांसारख्या जुन्या संस्थांकडे आज बाजारात न मिळणारी पुस्तके आहेत. गोव्यातील विद्यार्थ्याला पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा आधार आहे. त्याची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते. ग्रंथालयात दशांश वर्गीकरण (विषयाला क्रमांक देऊन पुस्तके लावण्याची पद्धत) वापरात असेल, तर भारताचा इतिहास 954 या क्रमांकाखाली आणि मराठी साहित्य 891.46 खाली मिळते. एक पुस्तक सापडले की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तकेही चाळावीत, कारण तालिकेत (ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीत) न सुचलेला ग्रंथ पुष्कळदा तिथेच असतो. कोश आणि गॅझेटिअर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे शासकीय ग्रंथ) सहसा घरी नेता येत नाहीत. ते संदर्भ विभागात बसून वाचावे लागतात. ग्रंथपालांना नुसते ‘इतिहासाचे पुस्तक द्या’ असे न सांगता ‘आमच्या तालुक्यातल्या जुन्या बाजारपेठेबद्दल हवे आहे’ असे सांगितले, तर शोधाचे निम्मे काम तिथेच होते.

विषयाची पहिली ओळख कोशातून करून घ्यावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. आता त्याचे वीसही खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात. नोंदीखाली लेखकाचे नाव असते, आणि अनेक नोंदींखाली संदर्भग्रंथांची यादीही असते. ही यादी विद्यार्थी सहसा वाचत नाहीत, याचे वाईट वाटते, कारण पुढची वाट तिथूनच सुटते. विकिपीडियाचाही असाच उपयोग करावा : लेख वाचून तिथे थांबू नये, तळटीपेतला मूळ आधार गाठावा, तळटीपच नसेल, तर ते विधान वहीत घेऊ नये.

स्थानिक अभ्यासासाठी जिल्हा गॅझेटिअरला तोड नाही. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत पिके, पेठा, घाट, जत्रा यांचे बारीक तपशील आहेत. मात्र ती वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिली गेली असल्याने तिच्यातील जातींविषयीची विधाने जशीच्या तशी उतरवणे योग्य नाही. आजच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन पाहावे. लोकसंख्येचा आकडा देताना वर्ष लिहिलेच पाहिजे. पुणे जिल्ह्याची 94,29,408 ही लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतली आहे. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे त्या वर्षाचे म्हणून दिले जाणारे आकडे केवळ अंदाज आहेत.

मराठीतून महाजालावर शोधताना एक अडचण हमखास येते. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये स्वीकारले गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘गांव’, ‘पुणें’, ‘नांव’ अशी सानुस्वार रूपे आहेत. म्हणून एकच शब्द नव्या-जुन्या अशा दोन्ही रूपांत शोधून पाहावा. अनेक जुनी पुस्तके तर केवळ पानांची छायाचित्रे म्हणून चढवलेली असतात. त्यांत शब्दशोध चालतच नाही, तेव्हा अनुक्रमणिका आणि शेवटची सूची उघडूनच पान गाठावे लागते. खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि विद्यापीठीय प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार अशा शोधाला उपयोगी पडते. संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सफाईदार उत्तर देतात, पण अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नावही तितक्याच सहजतेने देऊ शकतात. त्यांनी सुचवलेला ग्रंथ ग्रंथालयाच्या तालिकेत शोधून, उघडून, ते पान स्वतः वाचल्याशिवाय तो आधार ठरत नाही.

नोंद वाचतानाच करावी. लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि पृष्ठांक, संकेतस्थळ असल्यास पाहिल्याची तारीख, आणि शब्दशः उतरवलेला मजकूर असेल तर त्याभोवती अवतरणचिन्हे. दोन आधार जुळत नसतील, तर वहीत दोन्ही लिहून त्यांतला कोणता स्वीकारला आणि का, हे खाली एका ओळीत नोंदवावे.