कीबोर्डवरची बटणं आली कुठून?

कॉम्प्युटर शिकवताना अमुक बटण दाबलं की तमुक होतं एवढंच सांगतात, ते बटण तिथं का आहे हे कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं तेच आधी सांगायला हवं कारण एकदा कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.

सुरुवात टाइपरायटरपासून. अमेरिकेत मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ ला पेटंट घेतलं, १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीनं ते मशीन विकायला काढलं. त्यावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटायची. मग १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ मध्ये एकाच दांडीवर लहान आणि मोठी अशी दोन्ही अक्षरं बसवली, शिफ्ट दाबलं की कागद धरणारा अख्खा कॅरेज सरकायचा आणि दुसरं अक्षर उमटायचं. सगळंच कॅपिटलमध्ये लिहायचं तर करंगळी दुखणारच, म्हणून शिफ्ट अडकवून ठेवायची सोय आली, आजचं कॅप्स लॉक तिथलंच. ओळ संपली की कॅरेज परत उजवीकडं ढकलायचा आणि कागद एक ओळ वर घ्यायचा, ते काम आता एंटर करतं.

एस्केप १९६० चं, आयबीएमच्या बॉब बेमरनं सुचवलेलं, म्हणजे पुढचा कोड वेगळ्या अर्थानं वाच असं मशीनला सांगायला.

नम लॉकची गंमत मला सगळ्यात आवडते. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाणांची वेगळी बटणं नव्हतीच, आकड्यांच्या पॅडवरच दोन्ही कामं, त्यामुळं आता आकडे का बाण हे ठरवायला नम लॉक लागायचं. पुढं बाण वेगळे आले तरी नम लॉक राहिलं. स्क्रोल लॉकचं पण तेच, एक्सेलमध्ये बाण दाबल्यावर सेल न हलता अख्खी शीट सरकत असेल तर ते चालू आहे समजा, बंद करा, शीट बिघडलेली नाही. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट हे त्रिकूट पण त्याच पीसीचं, आयबीएमच्याच डेव्हिड ब्रॅडलीनं मशीन पटकन रिस्टार्ट करायला केलेलं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बटणं मुद्दाम लांब लांबची घेतली.

आता मराठी. इनस्क्रिप्ट लेआउट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी, १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात आहे आणि विंडोजमध्ये आयता मिळतो, तरी फार कमी लोक वापरतात याचं खरंच वाईट वाटतं. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट के ला ख. एल वर त, शिफ्ट एल ला थ. एन वर ल, शिफ्ट एन ला आपला ळ. डी म्हणजे पाय मोडायचं बटण. 'तऱ्हा' लिहायचं तर एल, शिफ्ट जे, डी, यू, ई, एवढंच, झालं. टाइपरायटरवर शिकलेल्यांना मात्र पहिली वेलांटी त्रास देते, कारण मशीनवर ती अक्षराच्या आधी मारायची सवय, इथं बोलतो त्या क्रमानं आधी क आणि मग वेलांटी. तेवढी एक सवय मोडली की हात बसायला वेळ लागत नाही.