चित्रकलेचा तास आणि पुढचे शिक्षण: महाराष्ट्रातील बालकलाशिक्षणाची पार्श्वभूमी

दरवर्षी साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रातील शेकडो शाळांमध्ये एक वेगळी परीक्षा भरते. बाके भिंतीकडे सरकवलेली असतात. मधोमध स्टुलावर एखादी घागर, शेजारी दोन-तीन फळे आणि मागे चुण्या पाडून सोडलेले कापड असते. त्याभोवती अर्धवर्तुळात बसलेली मुले एक डोळा मिटून, हात सरळ ताणून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत घागरीची उंची मोजत असतात. ही शासकीय रेखाकला परीक्षा होय. घराघरांत ती ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या नावांनीच ओळखली जाते. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात, तर इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राची जागा स्थिरचित्र घेते आणि घनभूमितीची भर पडते. लाखो विद्यार्थी या परीक्षांना बसतात आणि अलीकडच्या काळात त्यांतील श्रेणीचा थेट संबंध दहावीच्या गुणांशी, म्हणजेच अकरावीच्या प्रवेशाशी जोडला गेला आहे. लहानपणीच्या कलाशिक्षणाचा सर्वांगीण विकासाला आणि महाविद्यालयीन यशाला हातभार लागतो, हे विधान आपल्याकडे आता सहज केले जाते. ते कितपत खरे आहे आणि कोणत्या अर्थाने खरे आहे, हे समजण्यासाठी चित्रकला शाळेत कशासाठी आली, येथून सुरुवात करावी लागते.

ती मुलांच्या आनंदासाठी आली नव्हती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि तिच्यातून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, जी आज ‘जेजे’ या नावाने ओळखली जाते. त्या काळी इंग्लंडमध्ये १८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर हेन्री कोल आणि त्यांचे सहकारी कारागिरांच्या शिक्षणाची पद्धतशीर घडी बसवत होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागावरून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत रेखाटन हे जणू एक व्याकरण होते: आधी सरळ व वक्र रेषा, मग छापील नमुन्यावरून फ्रीहँड, मग शंकू, घन आणि दंडगोल यांचे मॉडेल ड्रॉइंग, मग छायाप्रकाश. गिरण्या, छापखाने आणि बांधकामे यांना अचूक हाताची माणसे हवी होती आणि हीच पद्धत मुंबईतही आली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स येथे शिकवण्यासाठी आले. ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, ही त्या चौकटीतली एक मोठी आणि कृतज्ञतेने आठवावी अशी घटना आहे.

१८७९ मध्ये रेखाटन हा विषय म्हणून शिकवण्यास सुरुवात झाली. सर रिचर्ड टेंपल हे त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते आणि एतद्देशीयांना वस्तू जशी आहे तशी काढायला शिकवले की त्यांची निरीक्षणशक्ती आणि विचारांतील नेमकेपणा सुधारेल, अशी त्यांची व त्यांच्या वर्गातील अधिकाऱ्यांची धारणा होती. या धारणेतला वरचढपणा आज खटकतो आणि तो खटकायलाच हवा. ज्या देशात वेरूळची लेणी कोरली गेली तेथील लोकांना पाहायला शिकवण्याची ही भाषा होती. तरीही तिच्यातला एक भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. चित्रकला हाताइतकीच डोळ्याला आणि बुद्धीला वळण लावते, हा युक्तिवाद आपल्या शाळांत आज नव्याने आलेला नाही. तो जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. पुढे १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. त्यातून तयार झालेले ‘ड्रॉइंग मास्तर’ जिल्ह्याजिल्ह्यांतील हायस्कुलांत पोहोचले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांची मुळे याच व्यवस्थेत आहेत, आणि त्यांतील भूमितीचा व अक्षरलेखनाचा आग्रह त्या कारागिरी हेतूची आजही आठवण करून देतो.

युरोपात मात्र तोवर वेगळा विचार मूळ धरू लागला होता. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग उघडला आणि तेथे नमुना समोर ठेवून नक्कल करायला लावणे बंद केले. मूल हे अर्धवट प्रौढ नसून त्याची चित्रभाषा स्वतंत्र आहे, ही त्यांची भूमिका होती. व्हिएन्नाहूनच पुढे अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये या चित्रभाषेच्या टप्प्यांची मांडणी केली: दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्या, मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे, मग कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढून तिच्यावर उभे केलेले घर, झाड आणि सूर्य. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हे पाहिलेले असते. मूल एसटीची गाडी काढते आणि पत्र्याच्या आत बसलेले सगळे प्रवासी, कंडक्टरसकट, बाहेरून दिसतात. मोठ्यांना ती चूक वाटते. मुलाने मात्र त्याला गाडीविषयी जे माहीत आहे ते सर्व मांडलेले असते, आणि ते मांडताना क्रम, आकारमान, आत-बाहेर आणि जवळ-दूर यांची जुळणी स्वतःच्या बळावर केलेली असते. बालविकासाच्या दृष्टीने चित्राचे मोल येथे आहे. लेखनासाठी लागणारी बोटांची पकड आणि गोष्ट सांगण्याची शिस्तही याच रेघोट्यांत तयार होत असते.

भारतात या विचाराला दोन ठिकाणी आधार मिळाला. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्यामुळे तेथे कला ही रोजच्या जगण्याचा, ऋतूंचा आणि उत्सवांचा भाग बनली. दुसरे ठिकाण वर्धा. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तेथे शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगावर, म्हणजे एखाद्या हस्तोद्योगावर, आधारलेला अभ्यासक्रम तयार केला. त्यात मातृभाषा, गणित व सामान्य विज्ञान यांच्याबरोबर चित्रकला आणि संगीत यांनाही जागा होती. हात, मेंदू आणि हृदय यांचे शिक्षण एकत्र व्हावे ही त्यामागची भूमिका होती.

महाराष्ट्रात लहान मुलांपर्यंत हा विचार खऱ्या अर्थाने नेला तो बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून ताराबाईंनी माँटेसरी पद्धत जवळून अभ्यासली होती, परंतु तिची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे उभे केले त्यात माती, बिया, पाने, शंखशिंपले आणि गेरू हेच शिक्षणसाहित्य होते. तेथील वारली आदिवासी मुलांच्या घरच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे पिढ्यानपिढ्या होतीच. चित्र ही त्या मुलांना परकी वस्तू नव्हती. परके होते ते शाळेचे पुस्तक, आणि त्या पुस्तकापर्यंत जाण्याची वाट ओळखीच्या रंगारेषांतून काढता येते हे कोसबाडने दाखवून दिले. माझ्या मते कलाशिक्षणाच्या आपल्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे, आणि ते कलाशाळांच्या इतिहासात क्वचितच वाचायला मिळते.

स्वातंत्र्यानंतर हे दोन प्रवाह, म्हणजे कारागिरी शिस्तीचा आणि बालकेंद्री अभिव्यक्तीचा, शाळांत शेजारी शेजारी वाहत राहिले, पण फारसे मिसळले नाहीत. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कलाशिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल खंत नोंदवली. १९६५ मध्ये राज्यात कला संचालनालय स्थापन झाले आणि रेखाकला परीक्षा त्याच्या अखत्यारीत आल्या. बाजारातही बदल झाले. १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनने पुढे चित्रसाहित्य बनवायला घेतले, आणि उंटाचे चित्र असलेली रंगपेटी मध्यमवर्गीय दप्तरात आली. इंटरमिजिएटचे प्रमाणपत्र कला महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी जमेस धरले जाई, त्यामुळे जेजे किंवा अन्य कलाशाळांत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ती पहिली पायरी होती. वास्तुरचनेच्या ‘नाटा’ या प्रवेशपरीक्षेत आणि अभिकल्पाच्या (डिझाइनच्या) अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षांत आजही रेखाटनाची कसोटी असते, आणि वस्तुचित्राचा सराव झालेल्या मुलाला तेथे कागद अनोळखी वाटत नाही. महाविद्यालयीन वाटचालीशी शालेय चित्रकलेचा सर्वांत सरळ आणि निर्विवाद संबंध इतकाच आहे.

त्यापलीकडचा संबंध संशोधकांनी बराच काळ तपासला आहे आणि त्याबाबत नेमकेपणाने बोलणे आवश्यक आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात जेम्स कॅटरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या चार पाहण्यांतील माहिती एकत्र केली. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील ज्या विद्यार्थ्यांना कलेचा भरपूर अनुभव मिळाला होता त्यांपैकी ७१ टक्के पुढे कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात गेले, तर ज्यांना तो फारसा मिळाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. हा फरक लक्षणीय आहे, परंतु त्यावरून कलेमुळेच ते महाविद्यालयात गेले असे म्हणता येत नाही, कारण कलेकडे वळणारी मुले, त्यांचे पालक आणि त्यांच्या शाळा इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. एलन विनर आणि लॉइस हेटलंड यांनी २००० मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चित्रकलेमुळे इतर विषयांतील गुण वाढतात याला भक्कम आधार सापडला नाही. नाट्याच्या वर्गांमुळे भाषिक कौशल्ये सुधारतात याला मात्र आधार मिळाला. कलेच्या समर्थकांना हा निष्कर्ष आवडला नाही. तरीही या संशोधकांनी तेथे थांबण्याऐवजी बॉस्टन परिसरातील दोन शाळांच्या कलावर्गांत बसून तेथे प्रत्यक्षात काय शिकवले जाते ते टिपले: बारकाईने पाहणे, समोर नसलेले मनात उभे करणे, जमत नसतानाही कामाला चिकटून राहणे, आपल्या कामाकडे परत पाहून त्याची चिकित्सा करणे.

यादृच्छिक निवडीने केलेला एक मोठा प्रयोग ह्यूस्टन शहरात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये डॅनियल बोवेन व ब्रायन किसिडा यांनी मांडले. त्यात ४२ शाळांतील तिसरी ते आठवीचे १०,५४८ विद्यार्थी होते आणि त्यांपैकी काही शाळांना कलावंत व कलासंस्थांच्या सहभागाने जादा कलाशिक्षण मिळाले. त्या शाळांत बेशिस्तीच्या घटनांत ३.६ टक्के बिंदूंची घट झाली, लेखनाचे गुण वाढले आणि इतरांविषयीची आस्था वाढली. गणितात वा विज्ञानात चमत्कार घडला नाही. लेखन, वर्तन आणि सहानुभाव एवढीच ही मिळकत असली, तरी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात टिकून राहण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्यांच्या ती बरीच जवळची आहे.

आपल्याकडे मात्र चर्चा गुणांच्या अंगाने वळली. क्रीडा गुणांच्या धर्तीवर शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांच्यासाठी दहावीला वाढीव गुण देण्यास सुरुवात झाली. २०१७ च्या निकालात १९३ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले आणि वाढीव गुणांवर टीका झाली. त्यानंतर चित्रकलेचे गुण कमी करण्यात आले. इंटरमिजिएटला ए श्रेणी असल्यास ७, बी असल्यास ५ आणि सी असल्यास ३ गुण ठरले. ५०० पैकी ७ म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या प्रवेशयादीत दशांशाने जागा हुकते, त्यामुळे पालकांना हे गुण महत्त्वाचे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा एक परिणाम असा झाला की ‘बाजार’, ‘बसथांबा’ किंवा ‘पोळा’ असे विषय ठरवून, त्यांचे तयार स्मरणचित्र घोकून परीक्षेला जाण्याची प्रथा बळावली. एका वर्गातील वीस मुलांच्या चित्रांत तोच बैल त्याच कोनातून दिसतो. स्मरणचित्र या शब्दाचा अर्थ स्वतः पाहिलेले आठवून काढणे असा आहे, आणि शिकवणीत पाठ केलेला बैल काढताना मुलाचा नेमका तोच व्यायाम राहून जातो ज्यासाठी हा विषय ठेवला गेला.

धोरणाच्या पातळीवर दिशा बदलते आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचे असावे असे सुचवले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान, अभ्यासक्रमीय व अभ्यासक्रमेतर अशा भिंती नसाव्यात असे म्हटले. शाळेतील शिक्षकांची स्थिती मात्र या शब्दांना साथ देणारी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असतील तेथे कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे, आणि २०१५ मध्ये राज्याने मानधनावरील अतिथी निदेशकांची व्यवस्था आणली. पूर्णवेळ कलाशिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा बहुधा भरली जात नाही. चित्रकलेचा तास गणिताला किंवा वाचनालयाला जातो. पटसंख्या कमी असलेल्या वाडीवरच्या शाळेला तर निदेशकाचाही हक्क पोहोचत नाही. रेखाकला परीक्षेला मुले बसतात ती शाळेमार्फत, त्यामुळे जेथे अर्ज भरून घेणारा आणि घागरीपुढे बसवून सराव करून घेणारा शिक्षक नाही, तेथील मूल ते ७ गुणही गमावते आणि तो सरावही. शिवाय रेघोट्या, माती आणि एसटीतले प्रवासी यांचे वय तीन ते आठ वर्षांचे असते, आणि कायद्याने मिळणारा कलानिदेशक सहावीपासूनचा असतो. त्याआधीच्या वर्षांत मुलाच्या हाती कागद आणि रंग पडतात की नाही, हे आजही त्या अंगणवाडीच्या ताई आणि त्या पहिलीच्या गुरुजींवरच अवलंबून आहे.