कानशिलावरचं डॉपलर: सिकलसेलच्या मुलांची तपासणी आली कुठून

नागपुरात सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार काय असतो, हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पलीकडून बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले आईबाप स्वतःच सांगतात, 'पोरगा एसएस पॅटर्नचा आहे, आम्ही दोघं एएस.' म्हणजे मुलाला आजार, आईबाप नुसते वाहक. रक्ततपासणी अशी घरोघरी रुळली. पण मुलाला लकवा मारण्याचा धोका आधीच दाखवणारी एक साधी तपासणी आहे, तिचं नाव मात्र त्याच घरांत क्वचित ऐकू येतं. ती म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर, थोडक्यात टीसीडी: कवटीतून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणं.

याचं एक कारण इतिहासात आहे. आपल्याकडे हा आजार पहिल्यापासून रक्तातून ओळखला गेला. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं वर्णन १९१० मध्ये केलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या सापडल्या. नागपूरचं मेडिकल कॉलेज सुरू झालं १९४७ मध्ये, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे विदर्भातला आजार जगाला फार लवकर कळला. पुढे बराच काळ समज असा होता की भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून आपला सिकलसेल सौम्य. ज्यांची मुलं वारंवार भरती होतात त्यांना हे कोणी विचारलं नसावं. विदर्भातल्या मुलांच्या नंतरच्या अभ्यासांतही हा समज सरसकट टिकला नाही.

डॉपलरची वाट अगदी वेगळी. ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये सिद्धांत मांडला तो ताऱ्यांच्या रंगांबद्दल. १९५०च्या दशकात जपानमध्ये सातोमुरा यांनी तो ध्वनिलहरींतून हृदयाच्या हालचालींना लावला. मेंदूपर्यंत पोहोचायला मात्र कवटी आड येत होती. १९८२ मध्ये बर्नमध्ये रूने आस्लिड यांनी दोन मेगाहर्ट्झची, म्हणजे नेहमीच्या सोनोग्राफीपेक्षा कमी वारंवारतेची लहर वापरली आणि कानापुढे, जिथे हाड पातळ असतं तिथून आत पाठवली. उद्देश होता मेंदूत रक्तस्राव झालेल्या मोठ्या माणसांच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या पाहण्याचा. सिकलसेलचा तिथे संबंधही नव्हता.

तो जोडला अमेरिकेत, जॉर्जियातल्या रॉबर्ट ॲडम्स यांनी. सिकलसेलमध्ये मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या आतून अरुंद होत जातात. पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोरात सुटतं, तसा तिथे रक्ताचा वेग वाढतो. मूल हसतंखेळतं असतानाच हा वेग मोजता येतो आणि लकव्याचा धोका कोणाला हे त्यावरून सांगता येतं, हे त्यांच्या गटानं १९९२ मध्ये दाखवलं. मग आली 'स्टॉप' चाचणी. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असलेली १३० मुलं निवडली. निम्म्यांना नियमित रक्त चढवलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांत ११ मुलांना पक्षाघात झाला, रक्त मिळालेल्यांत एकाला. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. निकाल १९९८ मध्ये छापून आला. दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांचं वर्षातून एकदा टीसीडी, हा शिरस्ता तिथून पडला.

तपासणी प्रत्यक्षात बघितली तर मोठं यंत्रही लागत नाही. मूल पाठीवर झोपवतात, कानशिलाला जेल लावतात, प्रोब टेकवून पातळ हाडाची खिडकी शोधतात. स्पीकरमधून फुस्स-फुस्स आवाज येतो, पडद्यावर लाटा उमटतात. ना सुई, ना किरणं. मूल जागं आणि शांत हवं. झोप लागली किंवा रडून धाप लागली की वेग बदलतो. ताप असताना किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असताना मोजलेला आकडाही फसवा. हात मात्र शिकलेला लागतो, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

दुसरी अडचण रक्ताची. २००५ मध्ये असं दिसलं की रक्त चढवणं थांबवलं की धोका परततो. दर महिन्याला रक्त म्हणजे शरीरात साठणारं लोह, आणि उन्हाळ्यात रक्तपेढीच्या चकरा. म्हणून २०१६चा 'ट्विच' चाचणीचा निकाल आपल्यासाठी मोलाचा. वर्षभर रक्त घेतलेल्या आणि एमआरआयमध्ये वाहिन्या फार अरुंद न दिसलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरियावर नेता येतं, वेग आटोक्यात राहतो. हे औषध नागपूरला नवं नव्हतंच. इथल्या डॉक्टरांनी मुलांमध्ये किलोमागे दहा मिलिग्रॅमचा कमी डोस आजमावून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले होते. दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही कमी झाल्या.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिचं मोठं उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं, आणि ती तपासणी रक्ताचीच. ती हवीच. पण एसएस निघालेल्या मुलाचं पुढे काय, या प्रश्नाला आकड्यांत जागा कमी मिळते. शिबिरात रक्ताचा थेंब घेता येतो. टीसीडीसाठी सोनोग्राफीचं यंत्र उचलून गावोगाव नेणं पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या, नियमांत सोपं नाही, आणि ते नियम का आले हे महाराष्ट्राला सांगायला नको.

खुब्याचंही असंच. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तरी सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र बदल आधी दिसतात. गोळा चपटा होण्यापूर्वी सांधा वाचवण्याचे उपाय करून बघता येतात, नंतर उरतं ते सांधाबदल. त्यामुळे सिकलसेलचा तरुण जांघेत दुखतंय म्हणाला आणि एक्स-रे नॉर्मल आला, तर तपासणी अर्धीच झाली असं समजून एमआरआयबद्दल विचारावं.