मोटोक्रॉस गेम्समध्ये १२५, २५० आणि ४५० चा फरक कुठून आला आणि किती खरा आहे

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस, आणि तिच्या गेम्सवर बोलणं सुरू झालं की कधी ना कधी हा वाद निघतोच, की गेममधली ४५० सीसीची बाइक खरंच ४५० सारखी चालते का, का २५० चाच टॉप स्पीड थोडा वाढवून वर वेगळा स्टिकर लावलाय. माझं मत आधीच सांगतो, बरीच वर्षं बहुतेक गेम्सनी ते स्टिकर लावायचंच काम केलं, आणि ते का झालं हे समजून घ्यायचं तर आधी खऱ्या रेसिंगमधले क्लास कसे बनले आणि मधेच कसे उलटेपालटे झाले ते बघावं लागतं, कारण गेममध्ये कुठलं इंजिन असणार हे शेवटी तिथूनच ठरत आलंय.

सुरुवातीला हिशोब सरळ होता. ५०० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५७ ला सुरू झाली, २५० ची १९६२ ला, १२५ ची १९७५ ला. अमेरिकेत एएमए या तिथल्या मोटरसायकल संघटनेने १९७२ मध्ये २५० आणि ५०० चे नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय चॅम्पियनशिप, सुरू केले, १२५ चे दोन वर्षांनी आले. साठच्या दशकात हलक्या टू-स्ट्रोक बाइक्सनी जड फोर-स्ट्रोकना मागे टाकलं आणि त्यानंतर जवळपास तीस वर्षं मोटोक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोकच असं चित्र राहिलं. त्यामुळे सीसीचा आकडा ऐकला तरी बाइकचा स्वभाव कळायचा. १२५ ला खालच्या आरपीएमला दमच नाही, सतत पिळत राहा, गिअर बदलत राहा, जरा आरपीएम पडला की खेळ संपला. २५० ला दम पण आहे आणि अंगावर येणारा झटका पण. ५०० ची ताकद बऱ्याच ट्रॅक्सवर जमिनीत उतरवणंच अवघड होतं, आणि एएमएचे ५०० चे नॅशनल्स १९९३ नंतर बंद झाले.

मग १९९७ आलं. डग हेन्री या अमेरिकन रायडरने लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममध्ये बनवलेल्या ट्रॅकवरच्या रेसमध्ये, यामाहाच्या वायझेडएम४००एफ या प्रोटोटाइप फोर-स्ट्रोकवर रेस जिंकली, आणि १९९८ मध्ये त्याच घराण्यातली वायझेड४००एफ शोरूममध्ये आली तेव्हा त्याने तिच्यावर २५० चं आउटडोअर टायटल, म्हणजे स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या ट्रॅक्सवरच्या नॅशनल्सचं, पण घेतलं. इथे नियमांचा भाग महत्त्वाचा आहे. टू-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एकदा फायर होतं आणि फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून बरोबरी व्हावी यासाठी फोर-स्ट्रोकला जास्त सीसी दिले गेले. २५० टू-स्ट्रोकसमोर पुढे ४५० फोर-स्ट्रोक आणि १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक असं समीकरण बसलं. २००१ ला वायझेड२५०एफ आली, २००२ ला होंडाची सीआरएफ४५०आर आली, आणि बघता बघता ग्रिड, म्हणजे स्टार्टला उभ्या राहणाऱ्या बाइक्सची रांग, बदलून गेला. अमेरिकन रायडर रिकी कारमायकलने २००२ मध्ये आउटडोअर सीझनच्या चोवीसच्या चोवीस मोटो, म्हणजे एकेक रेस, जिंकल्या त्या सीआर२५०आर टू-स्ट्रोकवर, आणि २००४ मध्ये परत तेच केलं तेव्हा खाली सीआरएफ४५०आर होती. त्याच २००४ पासून वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्लासची नावं एमएक्स१ आणि एमएक्स२ झाली, म्हणजे नावातून सीसीच गेले.

आता '२५०' म्हटलं की कुठली २५०, हा प्रश्न इथून सुरू होतो. टू-स्ट्रोक असेल तर ती ४५० च्या क्लासमधली बाइक आहे, साधारण ४५ ते ५० हॉर्सपॉवर आणि वजन १०३ किलोच्या आसपास. फोर-स्ट्रोक असेल तर ती छोट्या क्लासची, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर आणि वजन उलट थोडं जास्तच. गेममध्ये नुसतं '२५०' लिहून एक स्पीडचा बार दाखवला तर या दोन बाइक्समधलं काहीच सांगितलं जात नाही.

कारण खरा फरक टॉप स्पीडमध्ये फार नसतोच. मोटोक्रॉसचा ट्रॅक वळणांचा आणि उड्यांचा, टॉप गिअरला पूर्ण पिळून चालवायला जागा मिळते कुठे. फरक आहे तो वळणातून बाहेर पडताना. ४५० ला तिसऱ्या गिअरला ठेवून नुसती मूठ (थ्रॉटल) हळूहळू उघडली तरी ती ओढून नेते, २५० एफ, म्हणजे २५० फोर-स्ट्रोक, त्याच जागी एक गिअर खाली मागते आणि आरपीएम वर ठेवायला लावते, १२५ ला तर क्लच मारल्याशिवाय, म्हणजे क्षणभर दाबून सोडत आरपीएम वर आणल्याशिवाय, पिकअपच येत नाही. दुसरा फरक मूठ सोडल्यावरचा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मूठ बंद केली की फोर-स्ट्रोक मागून धरल्यासारखी थांबायला लागते, इंजिन ब्रेकिंग इतकं असतं की कोपऱ्यात शिरतानाची लाइनच वेगळी घ्यावी लागते. टू-स्ट्रोकमध्ये ते जवळपास नसतं, ती मोकळी सुटते, म्हणून ब्रेक जास्त वापरावे लागतात आणि वळणात स्पीड घेऊन जावं लागतं. तिसरी गोष्ट फिरणाऱ्या भागांची. ४५० चा क्रँक आणि पिस्टन वगैरे जड, ते फिरायला लागले की बाइक आडवी करायला जोर लागतो, त्यामुळे काट्यावर २५० एफ आणि ४५० मध्ये थोड्याच किलोंचा फरक दिसला तरी हाताला तो बराच जास्त वाटतो. हवेत असताना पण हेच, मूठ पिळली की नाक वर, मागचा ब्रेक दाबला की नाक खाली, आणि किती वर किती खाली हे चाकाबरोबर इंजिन किती जड फिरतंय त्यावर पण अवलंबून.

आता गेम्सकडे येऊ. निन्टेंडोचा एक्साइटबाइक १९८४ चा. त्यात एकच बाइक, एक बटण साध्या स्पीडचं आणि एक टर्बोचं, टर्बो जास्त वापरला की टेम्परेचरचा बार भरतो आणि इंजिन गरम होऊन थांबावं लागतं. सीसी वगैरे काही नाही. पण इंजिन ही सांभाळून वापरायची गोष्ट आहे एवढं त्याने बरोबर पकडलं होतं, त्या काळच्या मशीनवर यापेक्षा जास्त मागणं अन्यायच होईल.

१९९८ ला रेनबो स्टुडिओजचा मोटोक्रॉस मॅडनेस पीसीवर आला आणि २००० ला त्याचा दुसरा भाग. थ्रीडी मैदान, मोकळं फिरणं, मॅपच्या कडेचा डोंगर चढून गेलं की अदृश्य तोफेने उडवल्यासारखं परत आत फेकणं, ज्यांनी खेळलाय त्यांना हे अजून आठवत असणार. तिथे मजा होती ती उडीची आणि जमिनीची, इंजिन म्हणजे फक्त पुढे ढकलणारी एक ताकद. याच स्टुडिओने पुढे २००४ ला टीएचक्यू या प्रकाशक कंपनीसाठी एमएक्स अनलीश्ड हा गेम केला आणि २००५ पासून एमएक्स व्हर्सेस एटीव्हीची मालिका चालवली. क्लचचं बटण दाबून मूठ पिळायची आणि सोडल्यावर झटका घ्यायचा हे त्यांच्याकडे आलं, जे खऱ्या क्लच मारण्याची सोपी आवृत्ती म्हणता येईल, फक्त ते बूस्टसारखं वागायचं. याच मालिकेतल्या २००९ च्या रिफ्लेक्समध्ये कंट्रोलरच्या एका स्टिकवर हँडल आणि दुसऱ्यावर रायडरचं शरीर असं वेगळं केलं, वर माती खोदली जाऊन चर पडायचे आणि ते पुढच्या लॅपला तसेच राहायचे. माझ्या मते क्लासचा फरक जाणवायला लागणारी अर्धी तयारी इथे झाली, कारण टॉर्कचा अर्थ मातीशिवाय नाही. चाक मातीत घसरतंय का धरतंय हेच जर गेमला नीट कळत नसेल तर ४५० चा जादा टॉर्क फक्त जादा पिकअप म्हणून दिसणार, दुसरं काय होणार.

इथून पुढे लायसन्सचा काळ. मिलानच्या माइलस्टोन कंपनीने २०१४ ला एमएक्सजीपीचा, म्हणजे मोटोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियनशिपचा, ऑफिशियल गेम आणला, खरे रायडर, खऱ्या टीम, खऱ्या बाइक, आणि छोटा व मोटा असे दोन क्लास. २०१८ ला त्यांनीच सुपरक्रॉसचा ऑफिशियल गेम केला, त्यात २५० ईस्ट, २५० वेस्ट (अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम भागाच्या वेगळ्या चॅम्पियनशिप) आणि ४५०. दिसायला छान, पण ऑफिशियल असण्याचा एक परिणाम असा की गेममध्ये तेच येतं जे चॅम्पियनशिपच्या ग्रिडवर आहे. नियमाने टू-स्ट्रोकला परवानगी असली तरी तोपर्यंत मोठ्या टीम सगळ्या फोर-स्ट्रोकवर गेलेल्या, म्हणून बहुतेक ऑफिशियल गेम्समधून टू-स्ट्रोकच गायब. मग क्लासमधला फरक उरतो कशात, तर दोन फोर-स्ट्रोकमध्ये, जे स्वभावाने तसे एकाच जातीचे, एक थोडी दमदार एक थोडी कमी. अशा वेळी डेव्हलपरने आकडे वरखाली करून काम भागवलं तर बहुतेक खेळणाऱ्यांना ते खटकत पण नाही. माइलस्टोनने २०१७ च्या एमएक्सजीपी३ मध्ये टू-स्ट्रोक बाइक्स आणल्या हे मला फार बरं वाटलं होतं, कारण टू-स्ट्रोक शेजारी उभी राहिली की फोर-स्ट्रोकचं मॉडेल किती खरं आहे ते लगेच उघडं पडतं.

आवाजाचं उदाहरण घ्या. १२५ टू-स्ट्रोक ११,००० आरपीएमला सेकंदाला साधारण १८३ वेळा फायर होते आणि ४५० फोर-स्ट्रोक ९,००० ला फक्त ७५ वेळा. म्हणजे कानाला येणारा मूळ सूरच जवळपास अडीच पट वरचा. एका रेकॉर्डिंगचा सूर वरखाली करून दोन्ही बाइक करायला गेलं की ते खोटं ऐकू येतंच, आणि मोटोक्रॉसमध्ये आवाज म्हणजे शोभा नाही, गिअर कधी टाकायचा ते कानच सांगतो, स्क्रीनवरच्या मीटरकडे बघायला वेळ नसतो.

खरं काम झालं ते पीसीवरच्या सिम्युलेटरमध्ये, आणि तेही छोट्या लोकांकडून. एमएक्स सिम्युलेटर हा एकाच डेव्हलपरने बनवलेला गेम, ग्राफिक्स आजच्या हिशोबाने अगदी साधे, शिकायला इतका अवघड की सुरुवातीला सरळ चालवता पण येत नाही. पण त्यात १२५ आणि २५० टू-स्ट्रोक, २५० आणि ४५० फोर-स्ट्रोक या वेगवेगळ्या बाइक म्हणून घेता येतात आणि त्या वेगळ्या चालवाव्या लागतात. नंतर पिबोसोचा एमएक्स बाइक्स आला, ज्यांचे जीपी बाइक्स आणि कार्ट रेसिंग प्रो हे सिम्युलेटर लोकांना माहीत होते. तिथे माती खोदली जाते, क्लच हाताने चालवता येतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फॅन्स स्वतः बाइक बनवून टाकू शकतात. ऑफिशियल गेम्सनी ज्या टू-स्ट्रोक बाहेर ठेवल्या त्या इथे फॅन्सनी परत आणल्या, कुणी डायनोचे (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) ग्राफ बघून टॉर्कचे आकडे भरतंय, कुणी तासन् तास गिअरच्या रेशोवर बसलंय, पैसे नाहीत काही नाहीत, मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

हे सिम्युलेटर आतून करतात काय ते पण थोडक्यात. कुठल्या आरपीएमला किती टॉर्क याचा एक तक्ता, त्याच्यापुढे क्रँकचा जडपणा, मग क्लच, गिअर, चेन, टायर आणि शेवटी माती, आणि हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा मोजलं जातं. तक्त्यात १२५ ची रेघ बराच वेळ जमिनीलगत राहून एकदम उठते, ४५० ची आधीच वर असते आणि लांबपर्यंत सपाट जाते. मूठ बंद असताना किती ओढ मागे बसते हे नीट भरलं असेल तर टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक वळणात शिरतानाच वेगळ्या लागतात. साधे आर्केड गेम नेमकं इथेच कमी पडतात, त्यांच्यात पिळल्यावरचा फरक असतो पण सोडल्यावरचा नसतो.

तरी काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. हा तक्ता सरासरी टॉर्कचा असतो, प्रत्येक फायरिंगचा वेगळा धक्का सहसा मोजत नाहीत. खऱ्या ४५० मध्ये दोन धक्क्यांच्या मध्ये टायरला माती परत धरायला क्षण मिळतो आणि म्हणून ती कोरड्या कडक जमिनीवर पण पकड ठेवते असं रायडर सांगतात, ते सरासरीत हरवतं. कार्ब्युरेटरच्या बाइक्सचं गचकणं पण तसंच, उडीवरून आपटल्यावर किंवा एकदम मूठ उघडली की इंजिन क्षणभर गुदमरायचं, आणि २००८ च्या सुझुकी आरएम-झेड४५० पासून फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा ते बरंच गेलं. जुन्या बाइकचा गेममधला अवतार मात्र इंजेक्शनवाल्यासारखाच गुळगुळीत प्रतिसाद देतो.

आणि माणूस. खरी मोटो तीस मिनिटं अधिक दोन लॅप चालते. ४५० वर दहाव्या मिनिटाला हात भरून येतात, बोटं क्लचवर नीट बंद होत नाहीत, म्हणून अनेक साधे रायडर २५० एफवर जास्त फास्ट असतात. कंट्रोलरवर ट्रिगर पूर्ण दाबायला काही जोर लागत नाही आणि पडलं की दोन सेकंदात बाइक परत ट्रॅकवर, त्यामुळे सगळेच ४५० उचलतात आणि ती सगळ्यांनाच फास्ट वाटते. ट्रिगरचा प्रवास तर इतका छोटा की अर्धी मूठ आणि पाऊण मूठ यात बोटाला जेमतेम फरक, आणि ४५० चालवण्याची सगळी कला त्या अर्ध्या ते पाऊणमध्येच आहे. त्यामुळे इंजिनचं मॉडेल कितीही सुधारलं तरी पुढचा अडथळा आता कोडमध्ये कमी आणि हातातल्या कंट्रोलरमध्ये जास्त आहे असं मला वाटतं, आणि म्हणूनच काही लोक खरं हँडल, खरी मूठ आणि क्लचचा लिव्हर जोडून घरी रिग बनवतायत, त्यांच्या हातात १२५ आणि ४५० आज सगळ्यात वेगळ्या लागतात.