एका चौकटीत किती शिवारं?

सोयाबीन कापून शेतात पडलंय, थ्रेशरवाल्याला सकाळची वेळ दिलीय आणि घरात एकच प्रश्न: ‘उद्या पानी येईन का, भाऊ?’ मोबाइलवर अंदाज येतो, ‘विदर्भात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस.’ हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. पण गंजी झाकायची की नाही, हे त्यावरून ठरत नाही. हा शब्द इतका मोघम का, याचं उत्तर शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे.

१९०४ साली विल्हेल्म ब्यर्कनेस या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने मांडलं की हवामान हे गणित आहे. आजचा वारा, दाब, तापमान, ओलावा नीट माहीत असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमांनी उद्याचं काढता येईल. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रजाने ते हाताने करून पाहिलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना तो आकडेमोड करत होता. दिवस निवडला २० मे १९१०. उत्तर आलं की सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. तरी १९२२ साली त्याने सगळं पुस्तकात छापलं, फसलेल्या उत्तरासकट. पद्धत बरोबर होती. चूक सुरुवातीच्या नोंदींच्या असमतोलात होती, म्हणजे त्यातल्या वारा आणि दाबाचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. १९५० मध्ये अमेरिकेत एनियाक संगणकावर २४ तासांचा अंदाज काढायला जवळजवळ २४ तासच लागले. म्हणजे अंदाज आणि उद्या हातात हात घालूनच आले!

आपल्याकडे हवामान खातं १८७५ पासून आहे आणि शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवर हवामान वार्तापत्र १९४५ पासून. संगणकी अंदाजासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं ते मात्र १९८८ मध्ये. अमेरिकेकडे मोठा क्रे संगणक मागितला, लहान मिळाला. त्याच काळात पुण्यात सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र निघालं आणि १९९१ मध्ये ‘परम’ हा आपला महासंगणक तयार झाला.

पण खरी गोष्ट चौकटीची आहे. मॉडेल, म्हणजे हवामानाचं गणित सोडवणारी संगणकी आज्ञावली, आकाशाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतं. नव्वदच्या दशकात आपल्या जागतिक मॉडेलची चौकट साधारण १५० किलोमीटरची होती. नागपूर एका टोकाला, अमरावती दुसऱ्या. मधली सगळी शिवारं एकाच आकड्यात. बंगालच्या उपसागरातून ओडिशा-छत्तीसगडमार्गे येणारा कमी दाबाचा पट्टा तिला दिसायचा. मे महिन्यातलं पंधरा किलोमीटरचं ढगांचं डोंगर मात्र त्या जाळ्यातून निसटून जायचं.

चौकट लहान करणं महागाचं काम. बाजू अर्धी केली की चौकोन चौपट होतात, शिवाय गणिताची पावलंही दुप्पट टाकावी लागतात, खर्च आठपट. म्हणून प्रादेशिक मॉडेलांची युक्ती निघाली: बारीक जाळं फक्त आपल्या मुलखावर टाकायचं आणि कडेची हवा जागतिक मॉडेलकडून घ्यायची. कालव्याच्या शेवटच्या शेताला वरून येईल तेवढंच पाणी मिळतं, तसंच हे. वर चूक झाली की खालीही झाली. भारतीय हवामान खातं असं डब्ल्यूआरएफ मॉडेल तीन किलोमीटरच्या जाळ्यावर, तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजासाठी चालवतं. जागतिक मॉडेलही २०१६ मध्ये १२ किलोमीटरवर आलं आणि मे २०२५ मध्ये जाहीर झालेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरवर. (बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची पारंपरिक भाकिताची घटमांडणी अजूनही अक्षय्य तृतीयेला होते आणि लोक जातात. तिथे अख्ख्या हंगामाचा कौल मिळतो. इथे फक्त तीन दिवसांचा.)

तीन किलोमीटरवर गडगडाटी ढग मॉडेलला स्वतःहून उभा करता येतो. पण तो कुठून उठेल, हे दुपारच्या ओलाव्याच्या आणि तापलेल्या जमिनीच्या इतक्या बारीक फरकावर ठरतं की तो फरक आपण मोजतच नाही. नागपूरच्या डॉप्लर रडारला ढग तयार झाल्यावर दिसतो. समजा, मॉडेलने दुपारी चारला काटोलवर गार दाखवली आणि ती सहाला नरखेडवर पडली. मॉडेलवाल्यांच्या लेखी अंदाज चांगला. काटोलचा संत्रावाला म्हणेल खोटा, नरखेडचा म्हणेल कळवलंच नाही. म्हणून जाळं एवढं बारीक होऊनही वार्तापत्रातला ‘तुरळक ठिकाणी’ अजून गेलेला नाही.