तोफखाना रेजिमेंट : इतिहास व बोधचिन्ह

भारतीय लष्कराचे तोफा चालवणारे अंग. सातारकरांची जुनी ओढ मराठा लाइट इन्फंट्रीकडे. पण ‘पोरगा आर्टिलरीत आहे’ असे गावात कुणी सांगितले, की त्याचे प्रशिक्षण बहुधा नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात झाले असणार, हे ऐकणाऱ्याला कळते.

रेजिमेंट आपला जन्म २८ सप्टेंबर १८२७ पासून मोजते. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या फौजेत गोलंदाजांची जी तुकडी उभी राहिली, तीच पुढे पाचवी (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी. हा दिवस ‘गनर्स डे’ म्हणून पाळतात. (गोलंदाज म्हटले की आज क्रिकेट आठवते, मूळ शब्द मात्र तोफेचा.) १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातून तोफा काढून घेतल्या. उरल्या त्या मुख्यतः डोंगरी बॅटऱ्या. त्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादत. हिंदी मैदानी तोफखाना उभा राहायला १९३५ उजाडले.

पायदळाला निशाण असते. तोफखान्याला वेगळे निशाण नाही. तोफ हेच त्याचे निशाण. ती शत्रूच्या हाती पडणे म्हणजे निशाण गमावणे. हे समजायला हवालदार उमराव सिंग यांची लढाई पाहावी. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात जपान्यांनी त्यांच्या तोफेवर हल्ल्यांमागून हल्ले केले. दारूगोळा संपल्यावर ते पहारीसारखा लोखंडी दांडा घेऊन हातघाईवर आले. नंतर ते तोफेशेजारी बेशुद्ध सापडले. भोवती दहा जपानी मरून पडले होते. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी पुन्हा धडधडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बोधचिन्हाच्या मध्यभागी म्हणूनच तोफ आहे. ब्रिटिश अमदानीत तिच्यावर राजमुकुट होता. प्रजासत्ताकात त्या जागी तारा आला. रेजिमेंटच्या ब्रीदातला ‘सर्वत्र’ हा शब्द रॉयल आर्टिलरीच्या, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याच्या, लॅटिन ब्रीदातून आलेला. तोफखाना प्रत्येक लढाईत असतोच, मग गाजवलेल्या लढायांच्या नावांची, म्हणजे रणसन्मानांची, यादी कशाला, हा त्यामागचा विचार. त्याला ‘इज्जत-ओ-इकबाल’ जोडले गेले. पूर्ण अर्थ, सर्वत्र मान आणि कीर्तीनिशी. ‘असल उत्तर’, ‘कारगिल’ असे लढायांच्या नावांचे किताब मात्र पराक्रम गाजवणाऱ्या एकेका युनिटला स्वतंत्रपणे मिळतात. रेजिमेंटचे रंग लाल आणि निळा.

पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावलेले अपशिंगे मिलिटरी हे गाव सातारा जिल्ह्यातले. अशा फौजी गावांत पंधरा ऑगस्टला निवृत्त जवान पेटीतली बेरे टोपी काढतात, बॅजला ब्रासो लावतात. तोफखान्यातल्या माणसाचा बॅज लगेच ओळखू येतो. घासून घासून तोफेच्या चाकाचे आरे पुसट झालेले असतात. वरचा तारा तेवढा लखलखत असतो.