संख्येचा वर्ग आणि नेमाचा वर्ग

मोकळ्या मैदानावर एका बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला पाचशे सैनिक उभे आहेत, दोन्हींकडे सारख्याच बंदुका आहेत आणि दोन्हींचा नेमही सारखाच आहे, असे समजू. पाचशे जणांची फळी पूर्ण संपेपर्यंत लढाई चालली, तर हजारांपैकी किती उरतील? हजारातून पाचशे वजा करून पाचशे, असे उत्तर सहज ओठांवर येते. हिशेबाने मात्र ते सुमारे ८६६ येते.

याचे कारण असे, की हजार बंदुकांचा मारा पाचशे जणांवर एकवटतो आणि पाचशे बंदुकांचा मारा हजार जणांत विभागला जातो. त्यामुळे पहिल्या क्षणापासूनच लहान फळी अधिक वेगाने गळू लागते, ती गळाली की तिच्याकडून होणारा मारा आणखी घटतो आणि दोन्ही फळ्यांतली तफावत वाढतच जाते. फ्रेडरिक लँचेस्टर या मोटारी बनवणाऱ्या इंग्लिश अभियंत्याने १९१४ साली हा हिशेब समीकरणात मांडला आणि पुढच्याच वर्षी ओसिपोव या रशियन लेखकाने तो स्वतंत्रपणे मांडला. नेम धरून होणाऱ्या लढाईत फौजेची ताकद म्हणजे एका सैनिकाची मारकता गुणिले सैनिकांच्या संख्येचा वर्ग, हे त्याचे सार आहे. हजाराचा वर्ग १०,००,०००, पाचशेचा २,५०,०००. वजाबाकी ७,५०,००० आणि तिचे वर्गमूळ ८६६.

या सूत्राचा दुसरा अर्थ राज्यकर्त्यांना अधिक अडचणीचा आहे. संख्या निम्मी केली, तर बरोबरी राखण्यासाठी प्रत्येक सैनिकाची मारकता दुप्पट करून भागत नाही, ती चौपट करावी लागते. तरीही गेल्या चाळीस वर्षांत अनेक देशांनी जाणीवपूर्वक फौजा लहान केल्या. चीनने १९८५ साली दहा लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली आणि २०१५ साली आणखी तीन लाखांची. ब्रिटनने २०२१ साली आपले लष्कर ७२,५०० पर्यंत खाली आणण्याचे जाहीर केले. आर्थिक कोंडीत सापडलेल्या श्रीलंकेने जानेवारी २०२३ मध्ये दोन लाखांच्या सैन्याला आधी १,३५,००० आणि २०३० पर्यंत एक लाखावर आणण्याचा निर्णय सांगितला. आपल्याकडे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्यांतले जवळपास १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, तर तिन्ही दलांची नवी शस्त्रे, विमाने आणि जहाजे यांच्यासाठी १ लाख ८० हजार कोटी आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की माणसे कमी करून यंत्रे घेण्याचा विचार का येतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पैशाची निकड खरी आहे. पण वर्गाचा नियम पैशाकडे पाहून शिथिल होत नाही. मग संख्येचा वर्ग भरून काढायचा कशाने? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर दुसऱ्या एका वर्गात आहे, तो म्हणजे नेमाचा वर्ग.

तोफेने एकाच लक्ष्यावर अनेक गोळे डागले, तर ते लक्ष्याभोवती विखरून पडतात. त्यांपैकी निम्मे गोळे ज्या वर्तुळात पडतात, त्या वर्तुळाची त्रिज्या हे त्या तोफेच्या चुकीचे माप मानतात. हे माप १०० मीटर आहे आणि लक्ष्यापासून २० मीटरच्या आत पडलेला गोळाच उपयोगाचा आहे, असे उदाहरणापुरते धरू. अशा वेळी एक गोळा कामी येण्याची शक्यता जेमतेम पावणेतीन टक्के असते. आता चूक दहापट कमी करून १० मीटरवर आणली, तर तीच शक्यता जवळपास ९४ टक्के होते. जुन्या तोफेने एवढी खात्री मिळवायची, तर किती गोळे लागतील? दहा नव्हे, शंभर. नेम दहापट सुधारला की गोळे शंभरपट कमी लागतात, कारण येथे लांबी मोजली जात नसून क्षेत्रफळ मोजले जात आहे. (प्रत्येक गोळ्याची चूक आधीच्या गोळ्यापेक्षा स्वतंत्र असते, असे या हिशेबात गृहीत आहे, प्रत्यक्षात वारा सगळ्याच गोळ्यांना एका बाजूला ढकलतो आणि जुन्या पद्धतीचा तोटा आणखी वाढतो.)

जळगाव-रावेरच्या केळीच्या बागांत हा फरक प्रत्येकाने पाहिलेला आहे. पाटाने पाणी दिले की ते सगळ्या वाफ्यात पसरते आणि झाडाच्या मुळाला मिळते त्याचा थोडा भाग. ठिबकने पाणी नेमके मुळाशी पडते. त्यामुळे पाणी वाचते आणि रात्री-अपरात्री बारे देणाऱ्या माणसाचे कामही कमी होते. मात्र फिल्टर कोणी साफ करायचा आणि बुजलेला ड्रीपर कोणी शोधायचा, हे काम नव्याने निर्माण होते. त्याला माणसे थोडी लागतात, पण ती जाणकार लागतात.

शंभर गोळ्यांच्या जागी एक गोळा, याचा खरा परिणाम तोफेपाशी दिसत नाही, तो तोफेच्या मागे मैलोन्मैल पसरलेला असतो. १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याचे वजन साधारण ४५ किलो असते. शंभर गोळे म्हणजे साडेचार टन, म्हणजे एक भरलेला ट्रक. त्या ट्रकला चालक हवा, इंधन हवे, घाटरस्त्यावर संरक्षण हवे. गोळे उतरवायला हात हवेत, आणि या सगळ्यांना जेवण हवे. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. एवढा दारूगोळा कारखान्यापासून द्रासपर्यंत पोहोचवणारी माणसे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत. लष्करी भाषेत लढणाऱ्यांना दात आणि त्यांना पुरवठा करणाऱ्यांना शेपूट म्हणतात. नेम सुधारतो तेव्हा शेपूट आपोआप आखूड होऊ शकते, आणि संख्या घटवण्याची सर्वांत सुरक्षित जागा हीच आहे, कारण लँचेस्टरच्या सूत्रातला वर्ग दातांचा आहे.

खान्देशाला या साखळीचे मागचे टोक चांगले माहीत आहे. वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलची काडतुसे बनतात. भुसावळच्या निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या बनत आल्या आणि पुढे पिनाका रॉकेटांचे पॉड, म्हणजे ज्यात रॉकेटे भरून वाहनावर चढवतात ते नळकांड्यांचे साचेही बनू लागले. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे गेले. पिनाकाचे एक वाहन बारा रॉकेटे ४४ सेकंदांत डागते. त्याच्या मूळ रॉकेटाचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर होता. २०२४ साली चाचण्या पूर्ण झालेले मार्गदर्शित रॉकेट ७५ किलोमीटरपर्यंत जाते आणि वाटेत आपली दिशा दुरुस्त करते. एका फेरीत बारा रॉकेटे मोठ्या क्षेत्रावर शिंपडणे आणि त्यांतील प्रत्येक रॉकेट ठरलेल्या जागी उतरवणे यांत जे अंतर आहे, तेच आधुनिकीकरण या शब्दाचे मर्म आहे.

शेपटीच्या बाबतीत आपण काही कामे केली आहेत. निवृत्त लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी सरकारने सुमारे ५७,००० पदांची फेरमांडणी मान्य केली. त्यात दूध पुरवणारी लष्करी गोशाळाही होती. अलाहाबादला १८८९ साली सुरू झालेल्या या परंपरेत एके काळी १३० गोशाळा आणि ३०,००० जनावरे होती. मार्च २०२१ मध्ये शेवटच्या गोशाळा बंद झाल्या. डेअरीचे दूध छावणीच्या फाटकापर्यंत येत असताना सैनिकाने गाई सांभाळण्याचे कारण उरले नव्हते. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

परंतु वर्गाचा नियम सगळीकडे लागू होत नाही, आणि ज्या भूमीवर तो लागू होत नाही तिचा पहिला धडा सातपुड्याने दिलेला आहे. १८१८ साली खान्देश इंग्रजांच्या हाती गेला, तरी पुढची काही वर्षे भिल्लांच्या लहान लहान टोळ्यांनी कवायती पलटणींना दाद दिली नाही. झाडीत लपलेला माणूस समोरच्याला पाहून नेम धरतो; समोरचा मात्र झाडीवर गोळ्या झाडतो. अशा वेळी मोठ्या फौजेचा मारा परिसरावर विखुरतो आणि संख्येचा वर्ग निष्फळ होतो. १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्लांचीच एक तुकडी उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. हेतू परक्या सत्तेचा होता आणि त्याची झळ याच मातीतल्या माणसांना बसली, हे विसरता येत नाही. पुढे १८५७ मध्ये सेंधव्याचा घाट राखण्याचे काम केलेला खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, तेव्हा तेच भूमीचे ज्ञान त्याच्या बाजूने लढले. हिशेबाच्या दृष्टीने औट्रमच्या तुकडीचे बळ संख्येत नव्हते, लपलेल्याला पाहू शकणाऱ्या डोळ्यांत होते. आज हेच काम उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले छोटे ड्रोन करते. जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या पलटणींत ड्रोन तुकड्या आणि ‘भैरव’ या लहान कमांडो पलटणी उभारण्याचे सांगितले, त्यामागे हाच विचार दिसतो.

तरीही एक काम असे आहे, की जे नेमाने होत नाही आणि डोळ्यांनीही होत नाही. भुसावळच्या रेल्वेचे उदाहरण घेतो. कोळशाची इंजिने गेली तेव्हा फायरमन गेला, कोळसा चढवणारे आणि राख काढणारे हात गेले, आणि त्यांच्या जागी थोडे, पण अधिक शिकलेले कारागीर विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये आले. रुळांवरून रोज पायी फिरणारा की-मन मात्र गेला नाही; इंजिन कितीही वेगवान झाले तरी रूळ तेवढेच लांब राहिले. आपली नियंत्रण रेषा सुमारे ७४० किलोमीटर आहे आणि चीनलगतची प्रत्यक्ष ताबा रेषा ३,४८८ किलोमीटर मानली जाते. त्यांवरचे ठाणे म्हणजे तिथे प्रत्यक्ष असलेला माणूस. तो झोपतो, आजारी पडतो, रजेवर जातो, उंचीवरून ठरावीक काळाने खाली आणावा लागतो. म्हणून एका जागेवर सतत एक माणूस ठेवायला एकाहून बरीच अधिक माणसे लागतात. हे गणित रॉकेटाचा पल्ला वाढवून बदलत नाही.

रशियाने हा धडा महाग किमतीला घेतला. २००८ च्या जॉर्जिया युद्धानंतर त्यांनी मोठ्या डिव्हिजन मोडून लहान ब्रिगेड केल्या, अधिकाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली आणि चपळ फौज घडवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनसारख्या विस्तीर्ण देशात शिरल्यावर त्या फौजेला पायदळ कमी पडू लागले, सप्टेंबरमध्ये तीन लाख राखीव माणसे बोलवावी लागली, आणि २०२४ साली सक्रिय सैन्याची मर्यादा पंधरा लाखांवर नेण्याचा हुकूम निघाला. त्याच युद्धात नेमाची दुसरी बाजूही दिसली. उपग्रहाच्या संकेतावर चालणारे अमेरिकी एक्सकॅलिबर गोळे सुरुवातीला अतिशय अचूक ठरले. पुढे रशियाने त्या संकेतांत अडथळे निर्माण केले आणि अचूकता झपाट्याने घसरली. वरचा हिशेब येथे उलटा लावून पाहावा. चूक १० मीटरवरून पुन्हा १०० मीटरवर गेली, तर एका गोळ्याचे काम पुन्हा शंभर गोळ्यांकडे जाते. तोपर्यंत त्या शंभर गोळ्यांचा साठा, ते वाहणारे ट्रक आणि ट्रकचे चालक आपण कमी केलेले असतील, तर ते रातोरात परत मिळत नाहीत.

म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी अचूक दारूगोळा कोठारात पुरेसा साठावा, संकेत बंद पडल्यावरही तो चालतो याची खात्री व्हावी, आणि मगच त्याच्या भरवशावर माणसे घटवावीत. आपल्याकडे हा क्रम पूर्ण विचाराअंती पाळला गेला असे म्हणवत नाही. करोनाच्या काळात २०२० नंतर दोन वर्षे लष्करभरती झाली नाही, निवृत्ती मात्र चालूच राहिली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तिच्या पहिल्या वर्षी सुमारे ४६,००० जणांची भरती ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकाऱ्यांखालच्या ११ लाख ९७ हजार मंजूर पदांपैकी ९२ हजारांहून अधिक रिकामी होती. ही घट शेपटीत जितकी पडली, तितकीच दातांतही पडली, कारण न झालेली भरती विभाग पाहून होत नाही.

यापुढची अडचण वेळेची आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यातून चारांपैकी एकाला कायम ठेवायचे. बंदूक चालवायला शिकणे आणि रडारचा किंवा मार्गदर्शित रॉकेटाचा बिघाड ओळखायला शिकणे यांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्या कामाला प्रशिक्षण जास्त लागते आणि हात बसायला त्याहून जास्त काळ लागतो. फौज लहान होते तेव्हा प्रत्येक माणसाची मारकता वाढवणे हाच उपाय असतो, आणि ती मारकता ज्या अनुभवातून येते तो चौथ्या वर्षाच्या शेवटी तीनचतुर्थांश माणसांबरोबर घरी परततो. तांत्रिक शाखांसाठी कायम ठेवण्याचे प्रमाण वाढवावे, असे मला हिशेबाच्याच आधाराने वाटते.

पहाटे शिरपूर, पारोळा, शहादा या बाजूला गेले, तर रस्त्याच्या कडेने सोळाशे मीटरचा सराव करणारी मुले आजही दिसतात. २०२३ पासून आधी संगणकावरची परीक्षा आणि मग मैदान, असा भरतीचा क्रम उलटला आहे, त्यामुळे धावून झाल्यावर ती गणिताचे पुस्तक उघडून बसतात. २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात.